लहान मापाचं प्रूफ

४ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात धजत नाही आणि 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, म्हणून नुसतंच दादा. सत्तावीस वर्षांनी लिहितेय. तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुझं कसलं, तुझ्या ऑफिसातल्या मॅनेजर बाईंचं. 'सरांच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवर ग्रंथ निघत आहे, आपल्याकडे जुने साहित्य असल्यास सहकार्य करावे.' खाली तुझी सही नाही, बाईंचीही नाही. रबरी शिक्का. सख्ख्या बहिणीला रबरी शिक्का! कागद मात्र देखणा आहे. समास बघूनच ओळखलं की तू पास केलेला आहे. डाव्या बाजूला एवढी जागा सोडतोस की त्यात एखादं बिऱ्हाड राहील.

तर बाईंना सांग, साहित्य आहे. पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. आपण घडवलेल्या 'सोज्वळ' टाइपची, म्हणजे छापायच्या अक्षरांची, मूळ रेखाटनं, हातभर उंचीची, एकशे अठरा कागद. त्यातले दोन वाळवीनं खाल्ले. ते नेमके तू एकट्यानं काढलेले होते, मी काय करू? बाकीच्यांत पेन्सिलीचा सांगाडा तुझा आणि शाई माझी. ग्रंथात हे असं लिहिलं जाणार नाही, ते मी जाणून आहे. पण पेन्सिलीची रेघ नुसती वाट दाखवते, अक्षराला अंग शाईत येतं, हे तुला तरी आठवत असेल.

मागच्या महिन्यात रेडिओवर तुझं भाषण ऐकलं. आवाज बसलाय तुझा. 'आकड्यानं तोंड उघडं ठेवावं. तोंड मिटलेला आकडा खोटं बोलतो.' काय टाळ्या पडल्या! बसच्या पाट्या, शाळेची पुस्तकं, विजेचं बिल, जिथे बघावं तिथे तुझे उघडे आकडे, नाहीतर तुझ्या आकड्यांची नक्कल. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यानं पाटीवर खडूनं भाव लिहिलेत ना, त्यातला तीनसुद्धा तुझा आहे, त्या बापड्याला पत्ताच नाही. निवेदिका म्हणाली, सरांनी वाचणाऱ्या माणसाला टाइपमध्ये आणलं. हे शहाणपण तुला कुठून आलं, ते मात्र तू भाषणात सांगितलं नाहीस.

साहित्य हवं असेल तर पत्र तू लिही. स्वतःच्या हातानं.

धाकटी


२३ फेब्रुवारी

दादा,

चार ओळी का होईना, तुझ्या हातच्या आल्या. हात थरथरतो का रे? जोडाक्षरांपाशी पेन अडखळलंय. वाईट वाटलं. भांडण आपल्या जागी आणि तुझा हात आपल्या जागी.

'सोज्वळची रेखाटनं तेवढी पाठव, बाकी जुनं काही असेल तर राहू दे.' बाकी जुनं! चोराच्या मनात चांदणं. हो दादा, ते प्रूफ माझ्याकडे आहे. औषध कंपनीच्या लेबलांचं, लहान मापाचं. तळहाताएवढा कागद, खाली उजवीकडे 'ठीक' आणि तुझी सही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण विसरण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. आपण अक्षर हातभर काढायचो, भिंतीला टाचायचो, आणि तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून मान तिरकी करून बघायचास. मोठ्या मापात तुझ्यासारखी नजर कुणाला नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण कॅमेऱ्यानं तीच अक्षरं बारीक होऊन त्यांचं प्रूफ आलं की तू त्याला बोट लावायचा नाहीस. 'मुंग्या मोजायचं काम तुझं,' म्हणायचास. मी ते खिडकीशी नेऊन बघायची आणि खटकेल तिथे पेन्सिलीनं गोल करायची. गोल दिसला की काम परत. गोल नसला की तू न वाचता 'ठीक' लिहून मोकळा. अकरा वर्षं असं चाललं, एकदाही चुकलं नाही. ह्या प्रूफवर गोल नाही.

'सोज्वळ'बरोबरच्या इंग्रजी आकड्यांची तोंडं तू मिटवलीस. तीनची दोन्ही टोकं आत वळवून पोटाशी आणलीस. 'शहाण्या मुलांसारखे गप्प बसले पाहिजेत,' म्हणालास. भिंतीवर काय शोभायचे! पण बारीक मापात शाई जराशी फुगली की तीन आणि आठ जुळी भावंडं. बाटलीच्या लेबलावर लहान मुलांसाठी थेंब लिहिले होते तीन. दवाखान्यातल्या सिस्टरनं वाचले आठ. हृदयाचं औषध होतं. मुलगी सहा वर्षांची. दुपारी दिलं आणि दिवे लागायच्या आत सगळं संपलं.

सिस्टर चौकशीत एकच सांगत राहिली की लेबलावर आठ होता. साहेबांनी लेबल भिंगाखाली धरलं, तर स्वच्छ तीन. तिची नोकरी गेली, परवाना गेला, दीड वर्ष तुरुंगात काढलं. आपल्याला कुणी बोलावलंसुद्धा नाही. अक्षरं काढणाऱ्याला कोण साक्षीला बोलावतो? त्या दिवशी तू दार लावून म्हणालास, "आता बोलून ती पोर परत येणार आहे का?" मीही मूग गिळून बसले. महिन्याभरात मी ट्रंक उचलून निघाले. तू सगळ्यांना सांगितलंस की धाकटीला नावाचा हव्यास होता. दोन वर्षांनी तू उघड्या तोंडाचे आकडे काढलेस, त्यांना बक्षीस मिळालं, आणि ह्या धंद्यातल्या सगळ्यांनी तुझ्यामागून आपापल्या आकड्यांची तोंडं उघडली. चांगलंच झालं. किती बाटल्या त्यापुढे बरोबर वाचल्या गेल्या असतील! पण सिस्टरला कुणी बोलावून सांगितलं नाही की बाई, तुमच्यामुळे.

रेखाटनं सगळी ने. माझी एकच अट आहे. ते प्रूफ ग्रंथात छापायचं, आहे त्याच मापात. आणि खाली दोन ओळी: 'ह्या मापात तीन आणि आठ वेगळे ओळखू येत नाहीत. दोषी ठरवलेल्या सिस्टरनं जे दिसलं तेच वाचलं होतं.'

धाकटी


१४ मार्च

दादा,

फोनवर ओरडलास ते बरं झालं. निदान छातीत दम शिल्लक आहे, हे कळलं. "जाळून टाक तो कागद!" किती सहज म्हणालास. मी शाळेत अठरा वर्षं चित्रकला शिकवली, दादा. पोरांनी फाडलेले कागदही मी जाळले नाहीत, चिकटवून ठेवले.

तू विचारलंस, इतक्या वर्षांनी माझ्या अंगात काय संचारलं. सांगते.

सिस्टर आमच्याच गल्लीत राहते. खरं म्हणजे मी तिच्या गल्लीत राहायला आले, सोळा वर्षांपूर्वी, पत्ता काढत काढत. ती एका शिंप्याकडे काज-बटणं करते. पहिल्या दिवशी मी धडधाकट सदऱ्याची बटणं कात्रीनं कापली आणि लावून घ्यायला तिच्यापुढे नेली. तिनं धागे बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, बटणं तुटतात, अशी कापली जात नाहीत. बोलायला कुणी हवंय का?" तेव्हापासून दर मंगळवारी मी तिच्याकडे चहाला जाते. माझ्यासाठी ती आलं कमी घालते. मी कोण, ते तिला माहीत नाही. ड्रॉइंगच्या बाई, पूर्वी कुठल्याशा छापखान्यात होत्या, एवढंच.

गल्ली अजून तिला सिस्टरच म्हणते. कुणी मानानं, कुणी टोमणा म्हणून. तिनं तेव्हापासून औषधाच्या बाटलीला हात लावलेला नाही. नवरा तापानं फणफणला होता तर समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना हाक मारून औषध ओतून घेतलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणते, "ह्या डोळ्यांना उजेड देऊन काय करायचंय? उजेडात काय दिवे लावले ते बघितलं की सगळ्यांनी."

तिची नात तिच्यापाशी राहते. अठरा वर्षांची, खणखणीत पोरगी, बोलायला लागली की समोरच्याला वाव नाही. तिला नर्सिंगला जायचंय. मार्क आहेत, जागा मिळण्यासारखी आहे, फॉर्मवर पालकाची सही तेवढी हवी. आजी सही करत नाही. पोरगी रडली, दोन दिवस जेवली नाही. आजी मला म्हणाली, "बाई, आमच्या घराण्याची नजर खोटी आहे. पोरीनं डोळे माझेच घेतलेत, रंगसुद्धा तोच. उद्या तिच्या हातून असं झालं तर? मी एक जीव घेतला, तेवढा पुरे."

हे संचारलं माझ्या अंगात. फॉर्मची मुदत तीस जूनपर्यंत आहे.

"मग तूच जाऊन सांग तिला, माझ्या पुस्तकाचा आधार कशाला हवा?" असं तू विचारलंस आणि मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल मला राग आला. तसं नव्हतं. माझ्या तोंडच्या शब्दाला किंमत किती? तुझ्या ग्रंथात छापलं म्हणजे जगात खरं ठरेल, सिस्टरला कुणाच्या दयेवर खरं व्हावं लागणार नाही. असं मी स्वतःला सांगते. तूर्त एवढ्यावर भागव.

धाकटी


६ मे

दादा,

तू हो म्हणालास! पत्र दोनदा वाचलं. 'प्रूफ घेतो, पुस्तक मेअखेर छापायला जाईल, जूनच्या मध्यावर हातात पडेल.' तुझ्यावर विश्वास ठेवायची सवय मोडली होती, ती पुन्हा लावून घेतेय.

मूळ कागद मी देणार नाही, राग मानू नकोस. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतलाय, तो पेनड्राइव्हवर घालून सोबतच्या डबीत ठेवलाय. रेखाटनांचं बंडल टेम्पोवाला आणून देईल, ओलं होऊ देऊ नका. झेरॉक्सवाला म्हणाला, "काकू, मोठं करून देऊ का? छान स्पष्ट दिसेल." त्याला म्हटलं, बाबा रे, आहे तेवढंच दे. कागदाच्या कडेला पट्टी ठेवून स्कॅन केलंय, म्हणजे तुझ्या बाईंना मापाचा घोळ व्हायला नको.

काल मंगळवार होता. मी चहा पिता पिता उगाच हसत होते. सिस्टर म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय, लॉटरी लागली का काय?" मी म्हटलं, लागेल जूनमध्ये.

वहिनी गेल्याचं मला मॅनेजर बाईंच्या पत्रातून कळलं. कळवायचं होतंस रे. तिनं मला शाईनं बरबटलेल्या हातांसकट पंगतीला बसवलं होतं. तिच्याशी माझं काही भांडण नव्हतं.

धाकटी


३० जून, संध्याकाळ

दादा,

पुस्तक आलं नाही. ऑफिसात फोन केला की 'कागद बदलायचा आहे', मग 'सरांना पांढरा रंग पसंत नाही', मग 'बांधणीला दिलंय'. पांढऱ्यातही तुला पसंत-नापसंत आहे, हे मी विसरलेच होते.

आज फॉर्मची शेवटची तारीख होती. पोरगी दुपारपर्यंत फॉर्म मांडीवर घेऊन आजीसमोर बसून होती. आजी सुईत दोरा ओवत राहिली, तिला दिसत नाही तरी. मी तिथेच होते. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. 'सिस्टर, सही करा, तुमची नजर खोटी नाही, मला माहीत आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मग ती विचारणार, तुम्हाला कसं माहीत?  पाच वाजता पोरीनं फॉर्मची घडी घातली आणि भांडी घासायला गेली. एक वर्ष गेलं तिचं.

तुझ्यावर चिडून हे लिहायला बसले होते. पण चिडायला बसलं की नेमकी स्वतःचीच मान हातात सापडते. पुस्तक लवकर पाठव.

धाकटी


१९ ऑगस्ट

दादा,

ग्रंथ मिळाला. उचलून आणताना पोस्टमनला धाप लागली.

मी तो उघडला नाही. मूर्ख मी, तसाच पुठ्ठ्यासकट सिस्टरकडे घेऊन गेले. मला तो तिच्या घरात, तिच्या नातीच्या हातून उघडायचा होता. म्हटलं, "सिस्टर, माझ्या ओळखीच्या माणसानं काढलेली अक्षरं आहेत ह्यात. तुमच्या त्या बाटलीचं लेबलही आहे. पोरीला वाचू दे." ती हातातला सदरा बाजूला ठेवून भिंतीला टेकून ताठ बसली, जशी ती चौकशीत बसली असेल.

पोरगी पानं उलटत गेली आणि थांबली. तूही तुझं पुस्तक काढ, एकशे त्रेचाळिसावं पान. लहान मापाचं प्रूफ पानभर! एकेक आकडा मुठीएवढा! कडेची पट्टी कापून टाकलेली. खाली 'सोज्वळचे आरंभीचे आकडे, सरांच्या सहीसह'. माझ्या दोन ओळी मी शोधल्या, अगदी वेड्यासारख्या शोधल्या. शेवटी मागच्या टिपांमध्ये, मुंग्यांच्या मापात, एवढंच सापडलं: 'लहान मापातील वाचनीयतेचा पुढे पुनर्विचार करण्यात आला.'

पोरगी म्हणाली, "आजी, हा तर स्वच्छ तीन आहे गं."

तिचं काय चुकलं? होताच स्वच्छ तीन. तुझा सुंदर, तोंड मिटलेला, मुठीएवढा तीन.

सिस्टर म्हणाली, "मग? साहेबांनी दाखवलं तेव्हाही होता." आणि तिनं चाचपडून सदरा पुन्हा मांडीवर घेतला. थोड्या वेळानं नातीला म्हणाली, "आता तरी पटलं ना तुला? पुढच्या वर्षी पुन्हा तो फॉर्म घरात आणू नकोस."

तुला फोन केला तर काय म्हणालास, आठवतं? "तू छाप म्हणालीस, मी छापलं. पानाची शोभा नको बघायला?" मी तुला शिव्या दिल्या. त्या परत घेत नाही. लहान मापाला तू जन्मात हात लावला नाहीस, आताही लावला नाहीस. तुला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. ह्या बाबतीत जगात सगळ्यात जास्त तुलाच कळतं. जगाला तूच शिकवलंस.

धाकटी


२१ ऑगस्ट

दादा,

हे पत्र बसून वाच. आधी एक गोष्ट सांगते, जी तुलासुद्धा माहीत नाही.

त्या प्रूफवर गोल होता.

मी ते खिडकीशी नेलं होतं, नेहमीसारखं. तिसऱ्या ओळीतला तीन मला आठ दिसला. डोळे चोळून पुन्हा बघितलं, पुन्हा आठ. मी गोल केला. चांगला ठसठशीत, पेन्सिल दाबून. मग जिन्यावर पावलं वाजली. छापखान्यातून 'सोज्वळ'च्या नमुना-पुस्तिकांचा गठ्ठा आला. तू शब्द दिला होतास, दोघांची नावं घालीन म्हणून. मी वरची पुस्तिका काढली. एकच नाव. तुला विचारलं, तर तू मान वर न करता म्हणालास, "दोन नावांनी ओळ लांब होत होती गं, पान बिघडत होतं."

मी जागेवर आले. रबर घेतलं. गोल पुसला, कागदावरची पूड फुंकली आणि प्रूफ तुझ्यापुढे ठेवलं. तू 'ठीक' लिहिलंस.

मला काय वाटलं होतं? लेबलं छापून येतील, कंपनीवाले बोंबलतील, गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत जातील, आणि तुझी मान चार लोकांत एकदा खाली जाईल. ओळीत नाव एकट्याचं, तर चूकही एकट्याची असू दे. औषध, बाटली, पोर, ह्यातलं काही त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं नाही म्हणजे मी सुटले असं नाही.

तू सत्तावीस वर्षं समजत आलास की आपल्या दोघांच्याही नजरेतून ते निसटलं. म्हणूनच तुला दार लावून गप्प बसता आलं. आणि मी तुझ्या पुस्तकाच्या आडून सिस्टरला सोडवायला निघाले होते, ती ह्यासाठी की तुझी सही पुढे यावी आणि माझं रबर मागे राहावं. नातीचं वर्ष त्यातच गेलं.

काल सकाळी मूळ कागद घेऊन गेले. मंगळवार नव्हता, म्हणून सिस्टर चकित झाली, तरी चहा टाकला. नातीला म्हटलं, हा कागद बाटली धरतात तसा हातात धर. तिसरी ओळ वाच.

"आठ," ती म्हणाली.

सिस्टरच्या हातातली सुई थांबली. "परत वाच."

"आठ."

"खिडकीशी जाऊन वाच."

"आठच आहे गं आजी. कालच्या पुस्तकात होतं तेच आहे का हे? त्यात तीन होता ना?"

मी सांगितलं की तीनच आहे, इतक्या बारीक मापात तो कुणालाही आठ दिसतो, बाटलीवर ह्याच मापात छापला होता. सिस्टरनं कागद मागून घेतला, डोळ्यांना अगदी चिकटवून धरला. तिला काहीच दिसलं नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आतून म्हणाली, "म्हणजे मी आंधळी नव्हते." असं चार-पाच वेळा म्हणाली. मग माझे हात धरले. "बाई, कुठून शोधून आणलंत हो हे? तुमचे उपकार कसे फेडू मी?"

तिथे उठून येता आलं असतं मला. देवी होऊन आले असते. दादा, मला ते सोसवलं नाही. मी नातीला म्हटलं, कागद उजेडात तिरपा धर. पेन्सिल पुसली जाते, तिचा दाब कागदावर राहतो. पोरीला दिसला. "तीनभोवती गोल आहे," म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. तू कोण, मी कोण, पुस्तिका, रबर.

सिस्टरनं विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"आणि पुसलंत."

"हो."

"सोळा वर्षं तुम्ही माझ्या घरात चहा पीत होतात."

  तिनं चाचपडत माझ्यासमोरचा कप उचलला. भरलेला होता, थोडा तिच्या हातावर सांडला. तिनं तो मोरीत ओतला, कप धुतला आणि पालथा घातला.

मग ती माझ्याकडे पाठ करूनच बोलली. "त्या गेलेल्या पोरीची आई अजून तिथेच राहते. पत्ता मला पाठ आहे, केसपेपरवर मीच लिहिला होता. तुरुंगातून सुटले तेव्हा पाया पडायला गेले होते. तिनं दार उघडलं नाही, आतून नुसती रडत होती. ती अजून मलाच शिव्याशाप देत असेल. माझ्याकडे कशाला आलात तुम्ही? मला जे व्हायचं ते होऊन गेलं. तिच्याकडे जा. तुम्ही आणि तुमचा भाऊ, दोघं जा. आणि माझ्या दाराशी पुन्हा येऊ नका." नातीकडून तिनं तो पत्ता मला लिहवून दिला. प्रूफ ठेवून घेतलं.

घरी आल्यावर मी खूप रडले. मला दुसरी मैत्रीण नाही, दादा. पण हे तुला सांगून काय उपयोग?

त्या पत्त्यावर जायला पुढच्या शनिवारी सकाळी साडेसातची गाडी आहे, ती तुझ्या शहरावरूनच जाते. मी तिथे उतरून तुझ्या दाराची बेल वाजवीन. तब्येतीचं कारण सांगू नकोस, मीही सत्तरीला टेकलेय. तयार राहा. नाही आलास तर मी एकटी जाईन, त्या बाईला सगळं सांगेन, आणि निघताना तुझा पत्ता तिच्या हातात देईन.

धाकटी